चीनने कायदे सुधारले, तरी परकीयांची कोर्टं चाळीस वर्षं का हलली नाहीत?

प्रश्न असा आहे : 1902 च्या मॅके करारात ब्रिटनने लेखी कबूल केलं होतं, की चीनने न्यायव्यवस्था सुधारली तर ब्रिटिश प्रजाजनांवर चिनी कोर्टात खटला न चालण्याचा हक्क आम्ही सोडून देऊ. चीनने फौजदारी कायदा बदलला, क्रूर शिक्षा बंद केल्या, नवी कोर्टं काढली. मग हा हक्क सुटायला 1943 का उजाडलं? सुधारणा नावापुरत्या होत्या, की ब्रिटनने शब्द फिरवला? आणि जपानचं हेच काम 1899 मध्ये कसं झालं? एलएलएमच्या प्रबंधासाठी विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही दिलेल्या दोन्ही पर्यायांत मला उत्तर दिसत नाही. सुधारणा खऱ्या होत्या. आणि ब्रिटनने शब्द फिरवला असं म्हणावं, तर त्या कलमात पकडण्यासारखा शब्दच फारसा दिलेला नव्हता. माझ्या मते सगळी गोम अटीच्या बांधणीत आहे : अट पुरी झाली हे ठरवायचं कोणी, कशावरून, आणि कधीपर्यंत. या तीन जागा रिकाम्या असल्या की समोरचा कितीही चांगला कायदा करो, वाटाघाटी तिथेच फिरत राहतात.

आधी एक गोष्ट वेगळी काढून ठेवा. 'परकीयांचे करारी हक्क' हा एकच गठ्ठा नाही. कॉन्सुलर न्यायाधिकार, म्हणजे परकीयावरचा खटला त्याच्याच देशाच्या कोर्टात चालणं, हा एक. शांघाय, तिआनजिन, हांकौ इथल्या सवलतीच्या वसाहती आणि तिथला परकीयांचा नगरकारभार हा दुसरा. आयात जकातीचा दर चीनला स्वतः ठरवता न येणं, तो करारानेच बांधलेला असणं, हा तिसरा. नद्यांतून गलबतं नेणं, बीजिंगच्या दूतावासांभोवती सैन्य ठेवणं हे आणखी वेगळे. यांची वाटाघाट बरीचशी वेगवेगळी झाली आणि सगळे हक्क एकाच वर्षी सुटले नाहीत. प्रबंधात हे एकत्र केलंत तर तारखा कधीच जुळणार नाहीत. खाली मी मुख्यतः पहिल्या हक्काबद्दल बोलतोय.

हा न्यायाधिकार रोजच्या व्यवहारात कसा चालायचा ते एका उदाहरणाने बघू. नियम एका ओळीचा होता : प्रतिवादी ज्या देशाचा, त्या देशाचं कोर्ट आणि त्या देशाचा कायदा. समजा, शांघायमधल्या एका पारशी पेढीने मुंबईच्या गिरणीचं सूत एका चिनी व्यापाऱ्याला विकलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचं सूत चीनमध्ये भरपूर खपत होतं, त्यामुळे हे उदाहरण ओढूनताणून आणलेलं नाही. चिनी व्यापाऱ्याने पैसे थकवले. पारशी माणूस ब्रिटिश प्रजाजन, पण प्रतिवादी चिनी. म्हणून दावा शांघायच्या मिश्र कोर्टात, चिनी दंडाधिकाऱ्यापुढे, शेजारी परकीय असेसर, म्हणजे खटल्यात सोबत बसणारा परकीय अधिकारी. आता चिनी व्यापारी म्हणाला, 'सूत निकृष्ट निघालं, नुकसान मलाच द्या.' हा प्रतिदावा त्याला त्या कोर्टात करताच येत नाही, कारण त्यात प्रतिवादी ब्रिटिश प्रजाजन होतो. त्याने शांघायमधल्या ब्रिटिश सुप्रीम कोर्टात स्वतंत्र दावा लावायचा, तिथे इंग्लिश कायदा, आणि निकाल पटला नाही तर शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. त्याच सौद्यात एखादा अमेरिकन दलाल असला तर त्याच्यासाठी तिसरं कोर्ट; 1906 नंतर ते म्हणजे 'युनायटेड स्टेट्स कोर्ट फॉर चायना', आणि त्याचं अपील थेट सॅन फ्रान्सिस्कोला. एका सौद्याला तीन कोर्टं, तीन कायदे. शिवाय दुसऱ्या देशाच्या साक्षीदाराला समन्स काढून बोलावण्याची किंवा खोट्या साक्षीबद्दल शिक्षा करण्याची ताकद यातल्या एकाही कोर्टाकडे नाही.

ब्रिटन आणि अमेरिकेने निदान प्रशिक्षित न्यायाधीश नेमले होते. लहान देशांचे कॉन्सुल व्यापारीच असत, आणि तेच न्यायाधीशाच्या खुर्चीत बसत. यातून एक धंदाही उभा राहिला : चिनी माणसाने परदेशी नागरिकत्वाचे कागद मिळवायचे किंवा दुकानाची नोंदणी परकीय निशाणाखाली करायची, म्हणजे चिनी कर आणि चिनी पोलीस दोन्ही लांब. चीनच्या दृष्टीने खरी जखम ही होती. परकीय खुनी सुटला तर बातमी व्हायची. पण कर, परवाने, कारखान्यांचे नियम, नोटा छापणाऱ्या परकीय बँका यांतली एकही गोष्ट चीनला स्वतःच्या कायद्याने पूर्णपणे बांधता येत नव्हती.

या सगळ्याचं मूळ सांगताना लोक 1842 च्या नानजिंग तहाकडे बोट दाखवतात. ते चुकीचं आहे, प्रबंधात ही चूक टाळा. नानजिंग तहात पाच बंदरं, हाँगकाँग आणि दोन कोटी दहा लाख डॉलरची भरपाई आहे; न्यायाधिकाराचं कलम नाही. ते 1843 च्या व्यापार नियमांत आलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कँटनजवळच्या बोग इथे झालेल्या पुरवणी तहात 'मोस्ट फेवर्ड नेशन'चं कलम आलं, म्हणजे दुसऱ्या कोणाला काही जादा दिलंत तर ते आपोआप आम्हालाही. 3 जुलै 1844 ला अमेरिकेच्या केलेब कुशिंगने वांगश्याच्या तहात न्यायाधिकाराची कलमं नीट, वकिली भाषेत लिहून घेतली : 21 वं फौजदारी, 25 वं दिवाणी. पुढच्या देशांनी तोच मसुदा समोर ठेवून काम केलं.

परकीयांचा एक युक्तिवाद होता की चिनी फौजदारी न्यायात अपघात आणि खून यांत फरक होत नाही. त्यासाठी वारंवार ज्या प्रकरणाचा दाखला दिला जाई, त्याचं नातं मुंबईशी आहे. 'लेडी ह्यूज' हे मुंबईहून आलेलं जहाज 1784 च्या नोव्हेंबरमध्ये कँटनजवळ उभं होतं. सलामीची तोफ उडवताना दोन चिनी माणसं मेली. गोलंदाज सापडत नाही म्हटल्यावर चिनी अधिकाऱ्यांनी जहाजाचा माल-मुनीम जॉर्ज स्मिथ याला ताब्यात घेतलं आणि व्यापार बंद केला. शेवटी गोलंदाज हवाली झाला आणि जानेवारी 1785 मध्ये त्याला गळा आवळून मारण्याची शिक्षा दिली गेली. वस्तुतः छिंग (1912 पर्यंतचं चीनचं राजघराणं) कायद्यात मनुष्यवधाचे अनेक प्रकार होते आणि त्यांच्या शिक्षा वेगवेगळ्या होत्या. परकीयांच्या बाबतीत तो फरक कितपत पाळला गेला, हा अर्थात वेगळा मुद्दा. पण पुढची साठ वर्षं ही घटना पुरावा म्हणून चालली, हे लक्षात ठेवा. कारण 'आधी कायदा सुधारा' ही भाषा तिथूनच निघाली.

आता मॅके करार. 5 सप्टेंबर 1902, शांघाय. ब्रिटनकडून सर जेम्स मॅके, कलकत्त्याच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीत वाढलेला व्यापारी. चीनकडून ल्यू हायह्वान आणि शेंग श्वेनह्वाय. परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतरचा हा काळ. आदल्याच वर्षी चीनवर 45 कोटी टेलची (टेल म्हणजे चांदीचं वजनी चलन) खंडणी बसली होती, 39 वर्षांत 4 टक्के व्याजाने फेडायची. मॅके आला होता व्यापारासाठी : अंतर्गत नाक्यांवरची लिकिन नावाची जकात बंद करायची आणि बदल्यात आयात जकात साडेबारा टक्क्यांपर्यंत वाढवू द्यायची. न्यायाचा मुद्दा चीनच्या बाजूने, वजनदार प्रांताधिपती झांग झिडोंग यांच्या आग्रहाने, त्यात शिरला. तो 12 व्या कलमात आहे. आशय असा : चीनने आपली न्यायव्यवस्था पाश्चात्त्य राष्ट्रांच्या व्यवस्थेशी जुळवून घेण्याची तीव्र इच्छा व्यक्त केली आहे, ब्रिटन या सुधारणेला सर्वतोपरी साहाय्य करील, आणि चिनी कायद्यांची स्थिती, त्यांच्या अंमलबजावणीची व्यवस्था आणि इतर बाबी पाहून ब्रिटनचं समाधान झालं, की तो हा हक्क सोडण्यास तयार असेल.

करार वाचताना मी प्रत्येक क्रियापदाचा कर्ता आधी शोधतो. इथे ते करून पाहा. सुधारणा करणारा चीन. समाधान होणारा ब्रिटन. म्हणजे ज्याला हक्क सोडायचा आहे, तोच परीक्षक. मग निकष बघायचे. 'कायद्यांची स्थिती' मोजता येते : संहिता झाली की नाही. 'अंमलबजावणीची व्यवस्था' निम्मी मोजता येते : कोर्टं किती, न्यायाधीश कसे नेमले. पण 'इतर बाबी' हे दोन शब्द सगळं गिळून टाकतात. दुष्काळ, यादवी, सैन्याचा हस्तक्षेप, बहिष्कार, यांतलं काहीही त्यात बसतं. तिसरी गोष्ट तारीख, तीच नाही. चौथी गोष्ट म्हणजे समाधान झालं नाही तर पुढे काय, दाद कुठे मागायची, तेही नाही. चीनला हे कलम मोठं यश वाटलं, आणि राजकीयदृष्ट्या ते होतंही, कारण हा हक्क कायमचा नाही हे एका बड्या सत्तेने पहिल्यांदा लिहून दिलं. 1903 मध्ये अमेरिका आणि जपाननेही असंच कलम दिलं. पण वसुलीच्या दृष्टीने ही हुंडी बिनतारखेची होती.

जपानशी तुलना इथेच करा, म्हणजे फरक डोळ्यांत भरतो. 16 जुलै 1894 चा ब्रिटन-जपान करार सांगतो : सह्या झाल्यापासून किमान पाच वर्षं हा करार लागू होणार नाही; चार वर्षांनंतर जपानने कधीही नोटीस द्यायची, आणि नोटिशीनंतर एका वर्षाने तो लागू. सोबतच्या पत्रव्यवहारात जपानने मान्य केलं, की नव्या संहिता प्रत्यक्ष अमलात आल्याशिवाय आम्ही ती नोटीस देणार नाही. म्हणजे संहितेची अट तिथेही आहे. पण नोटीस द्यायची किल्ली जपानच्या हातात आहे, आणि ब्रिटनच्या समाधानाचा उल्लेख कुठेच नाही. जपानने बदल्यात देशाचा अंतर्भाग परकीयांना राहायला आणि व्यापाराला खुला केला. इतर देशांशीही तसेच करार करून घेतले आणि 1899 मध्ये ते एकदम लागू केले. त्याआधी 1887 मध्ये परकीय न्यायाधीश बसवलेल्या कोर्टांची योजना पुढे आली होती, ती देशातल्या संतापामुळे बारगळली. तेव्हा जपानचाही रस्ता सरळ नव्हता. आणि हे कबूल करायलाच हवं, की सगळा फरक कलमाच्या भाषेचा नाही. जपानमध्ये एकच सरकार होतं आणि त्याचा हुकूम देशभर चालत होता. तशी परिस्थिती नसती तर ब्रिटनने ती किल्ली दिलीच नसती.

आता सुधारणांकडे. हे काम शेन जिआबेन आणि वू टिंगफांग या दोघांकडे आलं. शेन बरीच वर्षं दंडविभागात काम केलेले, जुन्या कायद्याचे पंडित. वू हे लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेले पहिले चिनी. 1905 मध्ये त्यांच्या अर्जावरून देहाचे तुकडे करून मारणं, छाटलेलं डोकं टांगणं, प्रेताची विटंबना, नातेवाइकांना सामूहिक शिक्षा आणि चेहऱ्यावर गोंदणं बंद झालं. पुढे जपानी प्राध्यापक ओकादा आसातारो यांच्या मदतीने नवी फौजदारी संहिता तयार झाली. ती जानेवारी 1911 मध्ये जाहीर झाली आणि 1912 नंतर प्रजासत्ताकाने थोड्या बदलांनी तीच वापरली.

या संहितेवरचं भांडण मुळातून वाचण्यासारखं आहे. अविवाहित स्त्रीने स्वखुशीने संबंध ठेवले तर तो गुन्हा धरायचा का? मुलाला बापाविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क आहे का? शेन यांची बाजू म्हणायची, पाश्चात्त्य संहितांत हे गुन्हे नाहीत; ठेवले तर परकीय सत्ता आपला कायदा मान्य करणार नाहीत. विरोधक म्हणायचे, परकीयांना खूश करायला आपली नीती मोडायची का? आणि या विरोधकांत झांग झिडोंगच होते. म्हणजे बाराव्या कलमाने देशातला वादही वाकडा केला. संहितेतलं एखादं कलम चांगलं की वाईट, यापेक्षा ते परकीयांना पटेल का, हा प्रश्न पुढे आला. अटीवर कायदा सुधारताना हे दुखणं नेहमी उद्भवतं. पुढे जे सरकार येतं त्याला तो कायदा आपला वाटत नाही.

आणि याच काळात उलटं पाऊल पडलं. 1911 च्या क्रांतीच्या गोंधळात शांघायच्या मिश्र कोर्टाचा ताबा परकीय कॉन्सुलांनी घेतला. चिनी दंडाधिकाऱ्यांची नेमणूक आणि पगारही त्यांच्याकडे गेला. याला कोणत्याही कराराचा आधार नव्हता. ते कोर्ट परत मिळवायला 1 जानेवारी 1927 उजाडला. म्हणजे चीन सुधारणेची शिडी चढत असताना खालची पायरी काढून घेतली गेली होती.

1919 मध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेत चीनने बाराव्या कलमातल्या रिकाम्या जागा स्वतः भरून दिल्या. मला ही त्या चाळीस वर्षांतली सर्वांत चांगली लिहिलेली मागणी वाटते. चीन म्हणाला : 1924 च्या अखेरपर्यंत आम्ही पाच संहिता करू - फौजदारी, दिवाणी, व्यापारी, आणि दोन्ही प्रक्रिया संहिता, जुन्या प्रीफेक्चरांच्या, म्हणजे प्रांताखालच्या विभागांच्या, मुख्य ठिकाणी नवी कोर्टं उघडू, तेव्हा तुम्ही हक्क सोडा. तोवर दोनच गोष्टी द्या : चिनी प्रतिवादी असलेले खटले कॉन्सुलच्या ढवळाढवळीशिवाय आम्हाला चालवू द्या, आणि आमची वॉरंटं वसाहतींत तुमच्या पूर्वपरवानगीशिवाय बजावू द्या. तारीख आहे, मोजता येणारा निकष आहे, मधल्या काळाची सोय आहे. परिषदेने विषयच घेतला नाही. म्हणे, तो आमच्या कक्षेबाहेरचा आहे. मसुदा उत्तम असून उपयोग झाला नाही, कारण नकार देणाऱ्याला नकाराची काहीच किंमत मोजावी लागत नव्हती.

दोन वर्षांनी वॉशिंग्टन परिषदेत 10 डिसेंबर 1921 ला ठराव झाला : परिषद संपल्यावर तीन महिन्यांत एक आयोग नेमून चिनी न्यायव्यवस्थेची पाहणी करायची. त्याच ठरावात असंही आहे, की आयोगाच्या शिफारशी पूर्णतः किंवा अंशतः नाकारायला प्रत्येक सत्ता मोकळी राहील. तीन महिन्यांची चार वर्षं झाली. आधी चीननेच तयारीसाठी मुदत मागितली. मग फ्रान्सने बॉक्सर खंडणीचा हप्ता सोन्याच्या फ्रँकमध्ये हवा म्हणून अडवून धरलं. आयोग बीजिंगमध्ये बसला 12 जानेवारी 1926 ला. चीन धरून तेरा देश, अध्यक्ष अमेरिकेचे सायलस स्ट्रॉन, चीनकडून वांग चुंगहुई, ज्यांनी जर्मन दिवाणी संहितेचं इंग्रजी भाषांतर केलं होतं.

आयोगाचा 16 सप्टेंबर 1926 चा अहवाल 'चीनला नालायक ठरवणारा' म्हणून सांगितला जातो. वाचाल तेव्हा चारही भाग वाचा. पहिला भाग परकीय न्यायाधिकाराचे दोष मांडतो. वर सुताच्या सौद्यात दाखवलेला कोर्टांचा गोंधळ त्यात नीट आलाय. दुसऱ्या-तिसऱ्या भागात चिनी कायदे आणि अंमल. इथे खरी दुखरी नस सापडते : संहितांबद्दलची तक्रार दुय्यम आहे, मुख्य तक्रार सैन्याची. प्रांतोप्रांतीचे लष्करी सरदार न्यायाधीशांना डावलून माणसं पकडतात आणि मारतात. न्यायाधीशांचे पगार थकतात. बहुतेक जिल्ह्यांत तोच दंडाधिकारी कर वसूल करतो आणि न्यायही देतो. हे खोटं नव्हतं. आयोग काम करत असताना बीजिंगचं सरकार कोसळलं, आणि अहवालावर सह्या झाल्या तेव्हा दक्षिणेतून राष्ट्रवादी पक्षाची या सरदारांविरुद्धची उत्तर मोहीम निघून दोन महिने झाले होते. चौथ्या भागात शिफारशी : न्यायालयांना मुलकी आणि लष्करी हस्तक्षेपापासून संरक्षण, दिवाणी, व्यापारी, बँकिंग, दिवाळखोरी, पेटंट वगैरे कायदे पुरे करणं, नवी कोर्टं आणि तुरुंग, त्यासाठी स्वतंत्र पैसा. यातलं मुख्य काम झाल्यावर हक्क टप्प्याटप्प्याने सोडावेत, प्रदेशाप्रमाणे किंवा विषयाप्रमाणे. आणि तोवर परकीयांनीही आपल्या कोर्टांत शक्य तिथे चिनी कायदा लावावा, चिनी कर भरावेत, निशाण विकण्याचा धंदा बंद करावा. वांग यांनी सही केली, पण पहिल्या तीन भागांतलं सगळं आपल्याला मान्य आहे असं समजू नये, अशी नोंद घालून.

प्रबंधाला उपयोगी पडेल असा मुद्दा हा आहे : सैन्याला आवरणं हे काम न्यायखात्याच्या हातात कधीच नव्हतं. म्हणजे जी गोष्ट कायदा करून होणारच नाही, ती कायदासुधारणेची पहिली अट बनली.

यानंतर चीनने पद्धत बदलली. एकत्र परिषदेऐवजी एकेकाला वेगळं गाठायचं, जुन्या कराराची मुदत संपली की तो रद्द करायचा. जर्मनीशी 1921 मध्ये आणि सोव्हिएत रशियाशी 1924 मध्ये हा हक्क नसलेले करार आधीच झाले होते. 6 नोव्हेंबर 1926 ला बीजिंगने बेल्जियमचा 1865 चा करार रद्द केला. बेल्जियम हेगच्या कायम आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तिथून जानेवारी 1927 मध्ये अंतरिम आदेशही मिळवला. पण 1928 मध्ये नवा करार करून त्याने खटला मागे घेतला. 1928 मध्येच अमेरिकेपासून सुरुवात होऊन जकात स्वायत्तता मिळाली. ती न्यायाधिकाराच्या आधी सुटली, याचं कारण सोपं आहे : जकात वाढली तर परकीय व्यापारी थोडा महाग विकतो; कोर्ट गेलं तर त्याला स्वतःचा जीव आणि गोदाम परक्याच्या हाती जातंय असं वाटतं.

बेल्जियम, इटली, डेन्मार्क, पोर्तुगाल, स्पेन यांनी न्यायाधिकार सोडायचं कबूल केलं, पण इतर बड्या सत्तांनीही सोडला तरच. 'मोस्ट फेवर्ड नेशन'चा हा उलटा फास. एकाने सोडून चीनला काही मिळत नाही, आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात. मॅके करारातली लिकिन-जकातीची अदलाबदलही याच कारणाने कागदावर राहिली.

28 डिसेंबर 1929 ला राष्ट्रवादी पक्षाच्या नानजिंग सरकारने एकतर्फी जाहीर केलं, की 1 जानेवारी 1930 पासून हा हक्क संपला. ब्रिटनने तो दिवस तत्त्वतः मान्य केला आणि प्रत्यक्ष अंमल वाटाघाटीवर ढकलला. मग ब्रिटनचे राजदूत माइल्स लॅम्पसन आणि चीनचे परराष्ट्रमंत्री वांग झेंगटिंग महिनोन् महिने बसले. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेशी बोलणी करत होते वू टिंगफांग यांचेच चिरंजीव वू चाओशू. तोपर्यंत फौजदारी संहिता 1928 ची नवी होती आणि दिवाणी संहिता 1929 ते 1931 मध्ये टप्प्याने आली, त्यामुळे संहिता हा मुद्दा टेबलावरून उठला होता. भांडण उरलं ते शांघाय कोणी आणि किती दिवस ठेवायचं यावर. 6 जून 1931 च्या मसुद्यात शांघाय दहा वर्षं आणि तिआनजिन पाच वर्षं वगळलं होतं. हा करार होण्याच्या अगदी जवळ होता. 18 सप्टेंबरला जपानने मांचुरियात हात घातला, आणि वर्ष संपताना चीनने स्वतःच अंमल पुढे ढकलला. त्या वेळी ब्रिटन-अमेरिकेला दुखवणं त्याला परवडणारं नव्हतं.

शेवट 11 जानेवारी 1943 ला. ब्रिटनचा करार चीनच्या युद्धकाळातल्या राजधानीत, चुंगकिंगमध्ये, अमेरिकेचा वॉशिंग्टनमध्ये. शांघाय तेव्हा जपानच्या ताब्यात होतं, तिथली ब्रिटिश आणि अमेरिकन कोर्टं आधीच बंद पडली होती. सोडायला हातात फारसं उरलं नव्हतं, आणि चीनला युद्धात टिकवून धरणं गरजेचं होतं. ब्रिटनच्या करारावर भारतातर्फे ह्यू रिचर्डसन यांची स्वतंत्र सही आहे; शांघायचे शीख पोलीस आणि पारशी पेढ्यावाले याच हक्काखाली राहत होते. वाटाघाट शेवटच्या आठवड्यांत अडली ती हाँगकाँगलगतच्या काउलूनच्या भाडेपट्ट्याच्या प्रदेशावर; ब्रिटनने तो सोडला नाही, चीनने पुन्हा मागण्याचा हक्क लेखी राखून सही केली. फ्रान्सचा हक्क 1946 मध्ये आणि पोर्तुगालचा 1947 मध्ये गेला, म्हणून 'कधी संपलं' याचं उत्तर देताना कोणत्या देशाचं ते लिहा. शिवाय 21 मे 1943 च्या व्यवस्थेने अमेरिकन सैनिकांवरचा फौजदारी अधिकार अमेरिकेकडेच राहिला, ही तळटीप विसरू नका.

तर थोडक्यात तुमच्या दोन प्रश्नांना : सुधारणांनी हक्क सुटला नाही, पण 1931 पर्यंत त्यांनी 'तुमच्याकडे कायदाच नाही' हे कारण संपवलं, आणि वाटाघाट शहरं आणि वर्षं मोजण्यावर आणली. हक्क सुटला तो धरून ठेवणं निरर्थक झालं तेव्हा. जपानला लवकर मिळालं ते संहितेसोबत नोटिशीची किल्लीही हातात आल्यामुळे.

प्रबंधात एक प्रकरण 1943 च्या करारासोबतच्या तपशिलांवर जरूर ठेवा, कारण 1902 च्या कलमाशेजारी ठेवून वाचलं की दोन्हींची भाषा किती वेगळी आहे ते कळतं. चीनमधल्या ब्रिटिश कोर्टांनी दिलेले निकाल अंतिम मानायचे आणि गरज पडल्यास चिनी अधिकाऱ्यांनी त्यांची अंमलबजावणी करायची. प्रलंबित खटले वादीची इच्छा असेल तर चिनी कोर्टाकडे वर्ग करायचे. परकीयांच्या नावावरच्या जमिनीचे हक्क, लबाडी सिद्ध झाल्याशिवाय, कोणी खोडू शकणार नाही. यातल्या प्रत्येक वाक्याला कर्ता आहे, आणि 'समाधान' हा शब्द कुठेच नाही.